संसाराचा हिशेब : ठोकलेल्या गाडीला पार्ट कंपनीचा की लोकल?



नाशिकच्या सातपूर भागातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती कारखान्यात कामाला आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून जुनी चारचाकी घेतली. गाडी आज सहा वर्षांची आहे. लग्नाहून परतताना पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि यांची गाडी मागून त्याच्यावर आदळली. कुणाला लागले नाही, हे नशीब. पण बंपर फुटला, बॉनेट चेपले, एक हेडलाइट गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ३०,००० रुपयांचे एस्टिमेट दिले. वस्तीजवळचा गॅरेजवाला म्हणाला, “ताई, लोकल पार्ट टाकतो, १६,००० मध्ये गाडी नव्यासारखी करून देतो.”

भगिनी विचारतात, “फरकाच्या पैशांत आमचे दोन हप्ते निघतात. पण याच गाडीत माझी दोन लेकरं बसतात. स्वस्तात केलं तर त्यांच्या जिवाला धोका तर नाही ना? आणि महागात केलं तर उगाच लुटले तर जाणार नाही ना?”

दोन्ही शंका रास्त आहेत. असा प्रसंग आज ना उद्या अनेक घरांवर येणार. आपल्या वस्त्यांत आता दारापुढे गाड्या उभ्या दिसतात. त्यातल्या बहुतेक हप्त्यावर घेतलेल्या, पुष्कळशा जुन्या बाजारातल्या. गाडी घेताना चार ठिकाणी चौकशी करणारा माणूस गाडी ठोकली की घाबरतो आणि समोरचा म्हणेल तिथे सही करतो. म्हणून आज हा हिशेब नीट मांडू.

आधी मालाची ओळख

गॅरेजमध्ये “ओरिजनल” आणि “लोकल” असे दोनच शब्द ऐकू येतात. खरे तर बाजारात पाच प्रकारचा माल असतो.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या नावाच्या खोक्यातून येणारा. हा सर्वांत महाग.

दुसरा, तोच भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाने येणारा. मोटार कंपनी गाडीतली प्रत्येक वस्तू स्वतः बनवत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दिवे ल्युमॅक्स किंवा युनो मिंडासारखे कारखाने बनवतात. काचा असाही इंडिया किंवा सेंट गोबेनसारखे, शॉकअॅब्सॉर्बर गॅब्रिएलसारखे. हेच कारखाने मोटार कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. दर्जा चांगला असतो आणि किंमत बहुधा कमी पडते. आपल्यासारख्यांनी हा प्रकार आधी विचारावा.

तिसरा, दुसऱ्याच एखाद्या कारखान्याने त्या गाडीला बसेल असा बनवलेला. बाजारात यालाच लोकल किंवा आफ्टरमार्केट म्हणतात. यात चांगलाही असतो आणि टाकाऊही. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, किंमत खोक्यावर असेल तर तो प्रामाणिक माल. त्याला नकली म्हणू नये.

चौथा, नकली. कंपनीचे नाव, चिन्ह, खोके सगळे चोरलेले आणि आत भलताच माल. पैसे ओरिजनलचे घेतले जातात, पार्ट मात्र कवडीमोलाचा. खरा शत्रू हा आहे.

पाचवा, जुना पण ओरिजनल. मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीत मायापुरीला हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्याच मॉडेलचे, कधी कधी त्याच रंगाचे बॉनेट किंवा दरवाजा मिळून जातो. मात्र बिल घेतल्याशिवाय घेऊ नये. माल चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलिसांच्या चौकशीचा ससेमिरा आपल्या मागे लागतो.

कुठे हट्ट धरायचा, कुठे नाही

भगिनींच्या पहिल्या शंकेचे उत्तर एका वाक्यात असे : जो भाग फक्त दिसतो तो लोकल चालेल, जो भाग माणसाला वाचवतो तिथे तडजोड नको.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी रस्त्याकडेच्या डेंटरच्या हातोडीवर आणि लोकल पत्र्यावर दशके काढली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. “तेव्हा चालत होते, आता का नाही?” असे जुने मेकॅनिक विचारतात. उत्तर असे, की त्या गाडीत एअरबॅग नव्हती, सेन्सर नव्हते. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम असा घडवलेला असतो, की धडक बसली की त्याने ठरल्या जागी चेपावे, धक्का स्वतःच्या अंगावर घ्यावा आणि आत बसलेल्यांपर्यंत कमी पोचवावा. त्यामुळे कुठला भाग कुठे बसतो याला आता जिवाची किंमत आहे.

एकेक भाग घेऊ.

बंपर : बाहेर दिसतो तो प्लॅस्टिकचा पडदा. तो लोकल किंवा जुना घेतला तरी बिघडत नाही. फार तर फट दिसेल, रंग थोडा वेगळा वाटेल. पण त्याच्या आत आडवी पट्टी असते. धडकेचा मार ती सोसते. ती वाकली असेल तर ठोकून सरळ करू नये, लोकल पातळ पट्टीही बसवू नये. पुष्कळ गॅरेजवाले बाहेरचा बंपर नवा टाकतात आणि आतली वाकडी पट्टी तशीच ठेवतात. बंपर लावण्याआधी आत डोकावून पाहा.

बॉनेट : त्याच मॉडेलचे जुने ओरिजनल मिळाले तर उत्तम. लोकल घेतले तर पत्र्याची जाडी, आतली मजबुतीची पट्टी आणि बसणारी फट पाहा. बिजागरी आणि लॉक मात्र कंपनीचेच हवेत. हायवेवर वेगात असताना लॉक सुटले तर बॉनेट उडून थेट समोरच्या काचेवर येते.

हेडलाइट : नुसता उजेड पडला म्हणजे झाले, असे नाही. उजेड कुठे पडतो ते महत्त्वाचे. हलक्या लोकल दिव्यातील आरसा नीट नसतो. खड्डा दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. इथे दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे दिवे बनवणाऱ्या कारखान्याचा माल घ्यावा. बसवल्यावर भिंतीसमोर उभे राहून दोन्ही झोत सारख्या उंचीवर आहेत का ते तपासून घ्या.

समोरची काच : ही लॅमिनेटेड असते, फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. नामांकित कारखान्याची, ठसा असलेलीच घ्यावी. ही काच खास चिकट मसाल्याने चिकटवतात. तो वाळायला वेळ लागतो. कारागीर सांगेल तितका वेळ गाडी हलवू नये.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन : कंपनीचा किंवा मूळ कारखान्याचाच माल घ्यावा. पुढून मार बसला असेल तर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

चेसिसचे पुढचे दांडे आणि दरवाजांमधले खांब : इथे पार्टपेक्षा काम महत्त्वाचे. आजच्या गाड्यांत जास्त ताकदीचे पोलाद वापरतात. ते गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केले की त्याची ताकद कमी होते. दांडा वाकला असेल तर गाडी मशीनवर ओढून सरळ करण्याची सोय जिथे आहे, तिथेच न्यावी.

एअरबॅग आणि सीटबेल्ट : १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा कामाला येत नाही. ती बदलावी लागते आणि तिच्याबरोबरची यंत्रणाही तपासावी लागते. मोडीतली एअरबॅग कधीही घेऊ नये. काही ठिकाणी नुसते झाकण बसवून गाडी परत देतात. ओळखण्याची सोपी खूण अशी : चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर काही तरी गडबड आहे. जुनी गाडी विकत घेतानाही हे पाहून घ्या. जोराचा मार बसलेल्या गाडीचे सीटबेल्टही तपासून घ्या.

आता पैशांचा हिशेब

दुसरी शंका लुटले जाण्याची. तिचे उत्तर गॅरेजपेक्षा विम्याच्या कागदात आहे. म्हणून आधी पॉलिसी काढा आणि वाचा. ती फक्त थर्ड पार्टीची असेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. सर्वंकष, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो, तो असेल तर मिळतो. पण पूर्ण मिळत नाही. झीज म्हणून कपात होते.

प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर, बॅटरीवर आणि एअरबॅगवर ५० टक्के कपात. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर कपात नाही. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा माल धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या घरगुती गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपल्याला सोसावे लागतात. जादा हप्ता भरून “झिरो डेप” घेतले असेल तर झिजेची कपात टळते.

भगिनींच्या ३०,००० च्या एस्टिमेटची उदाहरणादाखल अशी फोड धरू : बंपर ४,०००, हेडलाइट ५,०००, बॉनेट ९,०००, मजुरी ४,०००, रंगकाम ८,०००. गाडी सहा वर्षांची. विम्याकडून बंपरचे २,०००, हेडलाइटचे २,५००, बॉनेटचे ५,४००, मजुरीचे पूर्ण ४,००० आणि रंगकामाचे ७,००० मिळतील. बेरीज २०,९००. त्यातून १,००० वजा. राहिले १९,९००. म्हणजे खिशातून जातील १०,१००.

आता पाहा, ताई! विमा असताना कंपनीचा पार्ट तुम्हाला १०,१०० ला पडतो आणि क्लेम न करता लोकल पार्ट १६,००० ला.

पण हिशेब इथे संपत नाही. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस क्लेमशिवाय पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळतो. पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. क्लेम केल्यावर शिडी पुन्हा खालून चढायची. समजा, पॉलिसीत आपल्या गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता वर्षाला ४,००० आहे. दोन पायऱ्या चढलेल्या माणसाला क्लेममुळे पुढच्या पाच वर्षांत मिळून सुमारे ४,२०० रुपये जास्त भरावे लागतील. ते धरले तरी बेरीज १४,३०० होते. लोकलपेक्षा कमीच.

उलट, नुसता बंपर फुटला असता तर? ४,००० च्या बंपरसाठी क्लेम केला तर पार्टचे २,००० मिळून त्यातून १,००० कापले जातात आणि वर पाच वर्षांचा बोनस जातो. अशा किरकोळ कामात क्लेम करू नये. खिशातून चांगला लोकल बंपर टाकून मोकळे व्हावे. एकच नियम सगळीकडे लागत नाही. प्रत्येक वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

विम्याबाबत चार सूचना. एक, गाडी खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने पाहीपर्यंत कामाला हात लावू देऊ नका. मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवा. दोन, जुनी गाडी घेतली असेल तर पॉलिसी १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. ती जुन्या मालकाच्याच नावावर राहिली तर आपल्या नुकसानीचा क्लेम अडतो. तीन, पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवताना ठोकली तर क्लेम नाकारला जातो. चार, टेम्पोसारख्या मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, बंपर, बॉनेट, मडगार्ड, रंगकाम हे जादा हप्ता भरल्याशिवाय धरत नाहीत. टेम्पोवर पोट असलेल्या बांधवांनी पॉलिसी घेतानाच “आयएमटी २३” आहे का, असे विचारावे.

विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर मिश्र वाट धरावी : बाहेरचा बंपर लोकल, बॉनेट जुने ओरिजनल, हेडलाइट दिव्याच्या कारखान्याचा, लॉक, बिजागरी आणि आतली पट्टी कंपनीची. खर्च आटोक्यात राहतो आणि जिथे जीव आहे तिथे कसर राहत नाही.

“बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल”

नव्या गाडीवाल्यांना ही भीती घालतात. तिच्यामागची गोष्ट कळली पाहिजे. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे, त्यामुळे ग्राहकाला आपल्याच सर्व्हिस सेंटरकडे यायला भाग पाडणे, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. देशातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्यात होत्या. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. पण आयोगाने मांडलेले तत्त्व ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे : केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता कामा नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने “दुरुस्तीचा हक्क” या नावाचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. तेव्हा कुणी तोंडी धमकी दिली तर एवढेच म्हणावे, “साहेब, वॉरंटीच्या पुस्तकात कुठे लिहिले आहे ते दाखवा.”

कारागिराशी वागणूक

गॅरेजमधला डेंटर, पेंटर, हेल्पर ही आपल्याच घरातली पोरे आहेत. दिवसभर पत्रा ठोकून, रंगाचा वास छातीत भरून ती चार पैसे कमावतात. त्यांच्या मजुरीत घासाघीस करून आपण श्रीमंत होत नाही. उलट पिळलेला कारागीर घाई करतो, लांबी जाड भरतो आणि काम उरकतो. मजुरी योग्य द्या, पार्टचा हिशेब मात्र चोख मागा. प्रामाणिक गॅरेजवाला हिशेब मागितल्याने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये.

हे कात्रण गाडीच्या खणात ठेवा

१. एस्टिमेट तोंडी नको, लेखी हवे. प्रत्येक भागासमोर लिहून घ्या : कंपनीचा, मूळ कारखान्याचा, लोकल की जुना.

२. कुठला भाग बदलणार आणि कुठला ठोकून सरळ करणार, हेही लिहून घ्या. जो भाग नीट होऊ शकतो तो बदलण्याची घाई नको.

३. नवा पार्ट आपल्यासमोर खोक्यातून काढायला सांगा. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव, पार्ट नंबर, महिना-वर्ष आणि कमाल किंमत हवी. त्याचा फोटो काढा.

४. खोक्यावरची किंमत आणि बिलातली किंमत ताडून पाहा. लोकल पार्ट टाकून ओरिजनलचे पैसे लावण्याची चोरी इथेच पकडली जाते.

५. स्वतःच्या पैशाने काम केले असेल तर काढलेले जुने भाग परत मागा. क्लेमच्या कामात त्यांची भंगार किंमत हिशेबात धरतात, म्हणून तिथे आधी विचारा.

६. बिल पक्के घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. “बिल नको, कर वाचेल” असे म्हणणारा कर वाचवून देतो, पण तक्रारीचा पुरावाही काढून घेतो.

७. गाडी ताब्यात घेताना दिवे, ब्रेक, एअरबॅगचा दिवा, दरवाजांच्या फटी तपासा. दिवसाच्या उजेडात रंग पाहा. एक फेरी मारा, मगच पैसे द्या.

८. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तरीही न्याय मिळाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीची फी लागत नाही. वकील नसला तरी स्वतः उभे राहता येते.

सातपूरच्या ताईंना सांगणे एवढेच : एस्टिमेटवर सही करण्याआधी घरातील पॉलिसी शोधा. शेजारच्याने सांगितले म्हणून लोकल नको आणि शोरूमच्या काचा चकचकीत आहेत म्हणून ओरिजनलही नको. आकडे मांडा, माल पाहा, प्रश्न विचारा. कष्टाचा पैसा आहे. तो कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा अधिकार गॅरेजवाल्याचा नाही, सर्व्हेअरचाही नाही. तो तुमचा आहे.